पान सदुसष्टवरचं ‘आम्ही’

बाईंना विद्यापीठात सगळे थांबाबाई म्हणायचे, आणि हे नाव पाडण्यात माझाही हात होता हे आधीच सांगून टाकते. मी त्यांच्या वर्गात होते तेव्हाची गोष्ट. परकी भाषा शिकायला आलेलं माणूस वाक्य दिसलं रे दिसलं की ते आपल्या भाषेत आणायला धावतं. बाई तळहात वर करायच्या आणि म्हणायच्या, “थांबा.” मग ठरलेले तीन प्रश्न. कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय, आणि जवळ उभं राहून कोण ऐकतंय? याची उत्तरं मिळेपर्यंत एका शब्दाचंही भाषांतर करायचं नाही. एकदा एका वाक्यावर आमचा अख्खा आठवडा गेला. या बाईंच्या हाताखाली मी म्हातारी होईन पण पदवीधर काही होणार नाही, असं मी घरी जाऊन आईला सांगितलं होतं.

बाईंची ही खोड पुस्तकातून आलेली नव्हती. विसाव्या वर्षी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या, परदेशचे कॉल जोडायच्या टेबलावर. लोकांचं बोलणं ऐकायचं नाही असा तिथे नियम, आणि लाइन नीट जोडली गेली की नाही हे कान लावल्याशिवाय कळायचं नाही. अशी सात वर्षं त्यांनी तीन-तीन मिनिटांची माणसं ऐकली. आई शेजारी उभी असताना नवरा बायकोशी कसा बोलतो आणि आई खोलीबाहेर गेली की त्याचा सूर कसा बदलतो, हे त्यांना शब्दांचे अर्थ कळायच्या आधी कळायला लागलं होतं. पुढे यंत्रं आली, ऑपरेटर घरी गेले. बाईंनी बाहेरून परीक्षा देऊन दोन पदव्या घेतल्या आणि विद्यापीठात शिकवायला लागल्या, त्याही वर्षावर्षाच्या कराराने. दर वर्षी नेमणुकीचं नवं पत्र यायचं. थोरल्या बहिणीकडे त्या राहायच्या. या ताई शिवणकाम करायच्या, आणि आल्यागेल्याला सांगायच्या की आमची ऑपरेटर जगाचे फोन जोडून आली, पण घरातला वाजला तर जागची हलत नाही.

एकोणीस पत्रं आली. विसावं येईल की नाही, हा प्रश्न त्या वर्षी उभा राहिला.

आमचे विभागप्रमुख नवे होते. त्यांना मी खलनायक करणार नाही, कारण त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. अभ्यासक्रमात बारा कथा. बाईंच्या वर्गात परीक्षेपर्यंत पाच व्हायच्या, फार तर साडेपाच. आदल्या वर्षी नऊ जण नापास झाले आणि त्यांच्यातल्या दोघांच्या पालकांनी प्रमुखांच्या खोलीत येऊन तासभर त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी प्रमुखांनी तीन जणांची समिती नेमली. एक ते स्वतः, दुसरे शेजारच्या विभागातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक, आणि तिसरी मी. समितीने बाईंचा एक तास मागच्या बाकावर बसून बघायचा आणि त्यांना ठेवायचं की नाही ते त्याच दिवशी ठरवायचं.

मी समितीत कशी, तर मी त्यांची जुनी विद्यार्थिनी आणि आता त्याच विभागात शिकवणारी. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. त्यासाठीची फाइल प्रमुखांच्या टेबलावर होती आणि त्या फाइलमध्ये सगळ्यात वजनदार गोष्ट म्हणजे माझं पुस्तक. त्याच बारा कथांचं मी केलेलं भाषांतर विद्यापीठाने छापलं होतं आणि मूळ कथांबरोबर ते मुलांना लावलं होतं. प्रमुख मला जिन्यात भेटले. “तुमचं मत महत्त्वाचं ठरणार,” ते म्हणाले, “तेव्हा जुन्या नात्यात अडकू नका. तुमची फाइल मी याच आठवड्यात बघतोय.” दोन्ही वाक्यं त्यांनी एका दमात म्हटली. मी मान डोलावली आणि जिना उतरेपर्यंत मला स्वतःचीच चीड यायला लागली.

त्या संध्याकाळी मी बाईंच्या घरी गेले. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत ताईंचं कापड कापायचं लांब टेबल, त्याच्याच एका टोकाला बाईंच्या वह्या. मी विनवणी केली की बाई, तो एक तास भरभर घ्या, एक अख्खी कथा संपवून दाखवा, एकदा पत्र हातात पडलं की मग वर्षभर हवं तेवढं थांबा. ताईंनी कात्री खाली ठेवून माझी बाजू घेतली. हिला कुणी सांगितलेलं ऐकायची सवय नाही, चोरून ऐकायचीच सवय आहे, असंही वर म्हणाल्या.

बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मला भीती वाटतेय गं. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण उभं करणार? आणि वर्ग नसला तर मी दिवसभर करू काय?”

चौदा वर्षांत मी त्यांच्या तोंडून भीती हा शब्द ऐकला नव्हता. मग त्या म्हणाल्या की बरं, भरभर घेईन. मला हायसं वाटलं आणि त्याचबरोबर कसंसंच झालं.

वर्ग तळमजल्यावर, चार वाजता भरायचा. विद्यार्थी सव्वीस, त्यातले निम्मे नोकरी करून येणारे. पहिल्या बाकावर एक परिचारिका बसायची, सकाळची पाळी संपवून रुग्णालयाचे पांढरे बूट घालूनच यायची. तिला सगळा वर्ग सिस्टर म्हणायचा. तिच्यामागे जहाज कंपनीतला एक कारकून, तो माझं पुस्तक पाठ केल्यासारखं वाचायचा. आम्ही तिघं मागे बसलो. प्रमुखांनी मनगटावरचं घड्याळ काढून बाकावर ठेवलं.

कथा साधी होती. एक म्हातारी महिनाभर रुग्णालयात पडून आहे. दूरच्या शहरातून मुलगा आणि सून तिला बघायला आलेत आणि त्यांची रजा संपलीय. मुलगा खाटेवर वाकतो आणि एक वाक्य बोलतो. त्या वाक्याचं पुढे काय झालं ते लेखकाने दोनच ओळींत सांगून कथा पुढे नेलीय. म्हातारीने चपला मागितल्या. मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला.

बाई खरंच भरभर निघाल्या होत्या. आठ मिनिटांत एक पान झालं, एकदाही तळहात वर गेला नाही. वर्ग गोंधळून एकमेकांकडे बघत होता. प्रमुखांनी पहिल्यांदाच घड्याळावरची नजर काढली. मी मनातल्या मनात पानं मोजत होते. अजून सहा. जमणार होतं.

मुलाच्या वाक्याशी आल्यावर कारकुनाने माझ्या पुस्तकातून घडाघडा वाचलं, “आई, उद्या आम्ही घरी जातोय.” बाईंनी ‘आम्ही’ फळ्यावर लिहिलं, म्हणाल्या, वाक्य सोपं आहे, पुढे चला.

तेवढ्यात सिस्टरने हात वर केला. “थांबा, बाई.”

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. बाईंना सांगता आलं असतं की तासानंतर बघू. कोणीही तेच सांगितलं असतं. त्यांनी एकदा मागच्या बाकाकडे पाहिलं, आणि खडू खाली ठेवला.

सिस्टरने विचारलं की म्हातारीने चपला कशाला मागितल्या. बाई म्हणाल्या, मुलाला आणि सुनेला दारापर्यंत सोडायला. हेच त्यांनी आम्हालाही शिकवलं होतं.

“नाही पटत,” सिस्टर म्हणाली. “महिनाभर तिने जमिनीला पाय लावलेला नाही, वरच्या परिच्छेदात आहे ते. अकरा वर्षं वॉर्डात काढलीत मी. नातेवाईक निघाले की पेशंट चपला मागत नाही. पाणी मागतो, चादर ओढायला सांगतो, काहीतरी काम काढून त्यांना थांबवतो. चपला मागतो तो एकदाच. डिस्चार्ज मिळाला म्हटल्यावर.”

बाईंनी पुस्तक जवळ ओढलं. मग तीच म्हणाली, “तिला ‘आपण’ ऐकू आलंय, बाई. उद्या आपण घरी जातोय.”

कारकून तिच्याशी भांडायला लागला. मुलाच्या मनात तर तो आणि बायको, दोघंच होते. सिस्टर म्हणाली, असतील. पण त्या भाषेत दोन्हीला मिळून एकच शब्द आहे, त्यामुळे मुलाला त्यात लपता येतं. आपल्या भाषेत लपायची सोय नाही. ‘आम्ही’ म्हटलं की आईला कळणार ती राहतेय, आणि मग ती चपला मागणारच नाही. म्हणून ‘आपण’च हवं, खोटं असलं तरी. “आम्हीपण वॉर्डात हेच करतो,” ती शेवटी म्हणाली. “आता आपण इंजेक्शन घ्यायचं हं, म्हणतो. टोचून घेणारा तो एकटाच असतो.”

यावर वर्ग पुन्हा हसला, संख्याशास्त्राचे प्राध्यापकही हसले. ती बोलत असतानाच मला कळून चुकलं होतं की ती बरोबर आहे. ‘आम्ही’ धरलं तर मुलगा नुसता रुक्ष, खरं बोलून मोकळा होणारा. ‘आपण’ धरलं तर तो आईशी धडधडीत खोटं बोलतो आणि म्हणून खिडकीकडे बघतो. कथाच वेगळी होत होती. आणि तो चुकीचा शब्द बाईंच्या वर्गातून माझ्या वहीत, वहीतून माझ्या पुस्तकात, पान सदुसष्टवर, सव्वीस बाकांवर उघडा पडला होता.

बाई परिच्छेद पुन्हा वाचत होत्या, ओठ हलवत. दोन मिनिटं तरी गेली असतील. प्रमुख वहीत काहीतरी लिहीत होते, त्यांच्या पेनाचा आवाज येत होता. मग बाईंनी फळा पुसला आणि ‘आम्ही’च्या जागी ‘आपण’ लिहिलं.

“एकोणीस वर्षं मी हे चुकीचं शिकवलं,” त्या म्हणाल्या. “सिस्टर बरोबर आहेत. मी मुलाचंच ऐकत बसले. आईने काय ऐकलं ते विचारलंच नाही.”

कारकुनाचा चेहरा पडला होता. त्याने विचारलं, मग पुस्तकात छापलंय त्याचं काय? बाई म्हणाल्या की ज्यांचं पुस्तक आहे त्या इथे बसल्यात, त्यांनाच विचारा. सव्वीस माना मागे वळल्या.

डाव्या हाताला प्रमुख होते. मी म्हटलं, “ते आपण नंतर बघू.”

सिस्टर माझ्याकडे बघत राहिली. ते ‘आपण’ कोणत्या जातीचं होतं हे त्या वर्गात तिच्याइतकं कोणाला कळणार? मी वहीत डोकं घातलं. बाईंनी उरलेला तास त्याच दीड पानावर घालवला, पहिल्यापासून, एकेका वाक्यापाशी थांबत. कथा संपली नाही.

तासानंतर आम्ही तिघं प्रमुखांच्या खोलीत बसलो. चहा आला, तो कोणी घेतला नाही. टेबलाच्या कोपऱ्यावर निळ्या कव्हरची एक फाइल होती आणि तिच्यावर माझं नाव मला उलटं वाचता येत होतं.

प्रमुखांनी शांतपणे मांडलं. तासाभरात दीड पान. एकोणीस वर्षं चुकीचं शिकवल्याची बाईंची स्वतःची कबुली. आणि तिसरं म्हणजे, वर्गात एक विद्यार्थिनी उठून काहीतरी म्हणते आणि शिक्षिका छापील पुस्तक सोडून तिच्या मागे जाते. “पुस्तक आपल्या विभागाचं आहे,” ते म्हणाले, “भाषांतर करणारी व्यक्ती समोर बसलीय. अशा शिक्षिकेच्या हाती वर्ग द्यायचा का, एवढंच ठरवायचंय. माझं मत, नाही.”

प्राध्यापक चष्मा पुसत होते. त्यांनी सांगितलं की तास त्यांना आवडला, पण आवडण्यावर ते मत देणार नाहीत. पुस्तक बरोबर असेल तर बाई वर्गात वाहवत गेल्या. ती परिचारिका बरोबर असेल तर एका तासात एक जुनी चूक सापडली आणि ती जागच्या जागी दुरुस्त झाली. भाषेतलं त्यांना कळत नाही, तेव्हा कोण बरोबर ते मी सांगावं, त्यावर त्यांचं मत.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

मला फार काही करायचं नव्हतं. दोन्ही शब्द चालू शकतात, मतमतांतरं आहेत, असं एक गुळमुळीत वाक्य पुरलं असतं. पुस्तक शाबूत राहिलं असतं, फाइल पुढे गेली असती. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलंही होतं, हे मी लपवत नाही. घरी नवऱ्याने सकाळीच विचारलं होतं, कायम झालीस की सांग, सुट्टी टाकतो. ते आठवलं. ताईंच्या टेबलाच्या टोकावर ठेवलेल्या बाईंच्या वह्याही आठवल्या.

“पुस्तक चुकलंय,” मी म्हटलं.

प्रमुख पुढे झुकले. “नीट विचार करून बोला. मी हे इतिवृत्तात लिहिणार आहे.”

“लिहा, सर. पान सदुसष्ट. चूक माझी आहे.”

त्यांनी खरंच लिहिलं. प्राध्यापकांनी चष्मा चढवला आणि “मग माझं मत बाईंच्या बाजूने,” असं सांगून टाकलं. दोन विरुद्ध एक. बाईंना पत्र द्यायचं ठरलं, या सत्रात किमान आठ कथा पूर्ण कराव्यात या अटीवर. उठताना प्रमुखांनी निळी फाइल उचलून मागच्या कपाटात ठेवली. हे आता पुन्हा बघावं लागेल, असं म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

बाई शिक्षकांच्या खोलीत एकट्या बसल्या होत्या. मी बातमी सांगितली तेव्हा त्यांनी खुर्चीचा हात धरला. ताईंना फोन लाव म्हणाल्या, मी लावून त्यांच्या हातात दिला. ताईंशी त्या एवढंच बोलल्या की मिळालं पत्र, हो, मिळालं, आता ठेवते. मग मी त्यांना खोलीत काय झालं ते सगळं सांगितलं, फाइल कपाटात गेली तेही. मला शाबासकी हवी होती. चौदा वर्षांत या बाईंनी मला एकदाही शाबासकी दिली नव्हती आणि आज ती माझ्या हक्काची होती.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “तू वर्गात का नाही बोललीस?”

मी म्हटलं, तिथे सर होते, समिती होती. बाई म्हणाल्या, मग खोलीत सर नव्हते का?

“खोलीत तिघं होतात,” त्या म्हणाल्या. “त्या तिघांत ती कथा शिकणारं कोणी नाही. वर्गात सव्वीस जण आहेत. त्यांनी तुला विचारलं, आणि तू त्यांना गोळी देऊन झोपवलंस.”

माझं डोकंच फिरलं. “मी तुमच्यासाठी नोकरी पणाला लावली, बाई.”

“लावलीस. ते माझं झालं, आणि मी ते कधी विसरणार नाही.” त्यांचे डोळे भरले होते, आवाज मात्र वर्गातलाच होता. “मुलांचं राहिलंय.”

मी तरातरा निघून आले. घरी भांडी आपटली. नवऱ्याने काय झालं ते विचारलं, मी सांगितलं, तर तो म्हणाला की बाईंचं चुकलं असतं तर तुला एवढा राग आला नसता. त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही धुसफुसतच होते. एवढं केल्यावर अजून काय हवंय या बाईला? गाठीशी असलेलं सगळं तर दिलं. पण सिस्टर माझ्याकडे कशी बघत राहिली होती, ते काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

गुरुवारी चार वाजता मी वर्गाच्या दाराशी उभी राहिले. बाईंनी मला पाहिलं, काही विचारलं नाही. खडू टेबलावर ठेवून त्या पहिल्या बाकावर सिस्टरच्या शेजारी जाऊन बसल्या.

मी पुढे गेले.

“पुस्तक उघडा,” मी म्हटलं. “पान सदुसष्ट, खालून पाचवी ओळ. तिथे ‘आम्ही’ छापलंय, ते चुकलंय. ‘आपण’ हवं. त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हाच मला हे कळलं होतं. मी घाबरून गप्प बसले.”

पानं उलटल्याचा आवाज झाला आणि थांबला. निम्मी पुस्तकं ग्रंथालयाची होती, त्यांत काही लिहायला सक्त मनाई. कारकुनाने हात वर केला. तो माझ्यापेक्षा अवघडला होता.

“पेन्सिलीने खोडू, मॅडम, की पेनने?”

मी बाईंकडे पाहिलं. त्या पुस्तकात मान घालून बसल्या होत्या, त्यांनी वर बघितलंच नाही.

“पेनने,” मी म्हटलं.